गाठीला ताप देणारी अँटेना

पाया लेबारचे नाव काढले की सिंगापूरच्या जुन्या रहिवाशांना विमानतळ आठवतो. १९५५ साली सुरू झालेला हा विमानतळ १९८१मध्ये चांगी उघडेपर्यंत देशाचे प्रवेशद्वार होता. आता तिथे हवाई दलाचा तळ आहे. विमानतळाला लागणारी अँटेना लांबचे पाहणारी, लांबवर बोलणारी. जवळच्या उबी, काकी बुकित, ताय सेंग या पट्ट्यात इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची दाटी आहे. मोबाइल, वायफाय, सेन्सर यांच्या अँटेनांवर डोके खपवणारा एखादा मराठी अभियंता तिथे सहज भेटावा. अशांपैकी कुणाला कधी ना कधी वाटतेच, की हे कौशल्य वैद्यकाच्या कामी आणावे. कर्करोगाच्या गाठीला उष्णता देणारी अँटेना हा त्यासाठीचा एक खरा आणि वाहता रस्ता आहे. मात्र त्या रस्त्याला लागताना अंगवळणी पडलेल्या बऱ्याच सवयी उलट्या कराव्या लागतात.

पहिली सवय ‘सार’ या आकड्याला घाबरण्याची. शरीराच्या एक किलो ऊतीत किती वॅट शक्ती शोषली जाते, ते सांगणारा हा आकडा. भारतात मोबाइलसाठी त्याची मर्यादा एक ग्रॅम ऊतीवरच्या सरासरीने १.६ वॅट प्रति किलो. फोनची अँटेना करणारा हा आकडा खाली ठेवण्यासाठी जिवाचे रान करतो. उष्णोपचारात तोच मुद्दाम चढवायचा असतो. वरवरच्या गाठींसाठीच्या साधनांची तपासणी कशी करावी, याच्या युरोपियन सोसायटी फॉर हायपरथर्मिक ऑन्कॉलॉजीच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत एक साधी कसोटी आहे: साधनाने कृत्रिम स्नायूचे तापमान सहा मिनिटांत किमान सहा अंशांनी वाढवून दाखवावे. तीनशे साठ सेकंदांत सहा अंश, आणि किलोमागे विशिष्ट उष्णता सुमारे ३,६०० ज्यूल धरली, तर सार येतो ६० वॅट प्रति किलो. मोबाइलच्या मर्यादेच्या सदतीसपट. शिवाय अँटेनातून हवेत सुटलेला प्रत्येक वॅट इथे वाया गेलेला असतो आणि वर शेजारच्या यंत्रांना उपद्रव देतो. लाभ, पल्ला, दूरक्षेत्राचा आलेख या गोष्टी बाजूला ठेवून सुरुवात करावी.

त्याआधी एक प्रश्न सोडवलेला बरा, कारण नवखे लोक इथेच घोळ घालतात. उष्णता नक्की कोणती द्यायची आहे? ‘हायपरथर्मिया’ म्हणजे गाठ ४० ते ४४ अंशांच्या आसपास तासभर ऊबदार ठेवणे. त्याने एकट्याने गाठ जात नाही. रेडिएशन किंवा केमोथेरपीचा परिणाम मात्र वाढतो. ‘ॲब्लेशन’ म्हणजे सुईसारखी अँटेना गाठीत खुपसून ती काही मिनिटांत जाळून टाकणे. ६० अंशांच्या वर पेशीतली प्रथिने जवळजवळ लगेच गोठतात आणि मायक्रोवेव्हच्या सुईलगत तापमान शंभरी ओलांडते. पहिल्या प्रकारात एकेका अंशाचा हिशेब असतो. सापारेटो आणि ड्यूई यांनी १९८४मध्ये मांडलेल्या मोजमापानुसार ४३ अंशांच्या वर एक अंश चढला की तेवढ्याच परिणामाला निम्मा वेळ पुरतो, आणि खाली एक अंश उतरला की चौपट वेळ लागतो. ४३ला एक तास, तर ४२ला चार तास. अंशभर चुकलेली अँटेना म्हणजे जवळजवळ न दिलेला उपचार. ॲब्लेशनमध्ये अंशाची चिंता कमी, जळलेल्या भागाच्या आकाराची जास्त.

ही गोष्ट केवळ प्रगत देशांची आहे, असे समजायचे कारण नाही. मुंबईत विलेपार्ल्याच्या नानावटी रुग्णालयात डॉ. नागराज हुइलगोळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोके व मानेच्या वाढलेल्या कर्करोगावर रेडिएशनला हायपरथर्मियाची जोड देऊन तुलनात्मक चाचणी केली. तिचा अहवाल २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्ण पन्नासहून थोडे अधिक होते, म्हणजे चाचणी लहानच. नुसत्या रेडिएशनने सुमारे ४२ टक्के रुग्णांची गाठ पूर्ण विरघळली. उष्णतेची जोड मिळालेल्या गटात हे प्रमाण सुमारे ७९ टक्के होते. तंबाखूपायी तोंडा-घशाचे कर्करोग घरोघरचे झालेल्या प्रदेशात हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. अभियंत्याने त्यातली एक तांत्रिक बाब टिपून ठेवावी. तिथले यंत्र सुमारे ८ मेगाहर्ट्झवर चालणारे, दोन तबकड्यांमध्ये शरीर ठेवून तापवणारे होते. अँटेना अशी त्यात नव्हतीच. या पद्धतीत विद्युतक्षेत्र त्वचेला काटकोनात शिरते, त्यामुळे स्नायूपेक्षा चरबीच आधी तापते. मान बारीक असली तर चालून जाते. जाड पोटाच्या रुग्णाला चटके बसतात. अँटेनाची खरी गरज तिथून पुढे सुरू होते.

खोलवरच्या गाठींचा सर्वांत गाजलेला पुरावा नेदरलँड्समधला. याकोबा व्हान डर झे आणि सहकाऱ्यांची चाचणी २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये आली: गर्भाशयमुखाच्या कर्करोगात रेडिएशनबरोबर हायपरथर्मिया दिल्यावर पूर्ण प्रतिसाद ५७वरून ८३ टक्क्यांवर, आणि तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण २७वरून ५१ टक्क्यांवर. ओटीपोटाइतके खोल जायचे तर शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास उतरावे लागते आणि शरीराभोवती कडे करून अनेक अँटेना एकमेकींशी कला (फेज) जुळवून चालवाव्या लागतात. रॉटरडॅमच्या इरॅस्मस वैद्यकीय केंद्रात मानेसाठी अशीच ४३४ मेगाहर्ट्झची ‘हायपरकॉलर’ बनली. तिच्या पहिल्या रूपात दोन कड्यांत मिळून बारा अँटेना होत्या.

वारंवारता निवडताना खोली आणि नेमकेपणा यांची ओढाताण होते. सपाट तरंग धरला तर स्नायूत ४३४ मेगाहर्ट्झला साधारण २.६ सेंटिमीटरवर शक्ती ३७ टक्के उरते, २,४५० मेगाहर्ट्झला १.१ सेंटिमीटरवरच. प्रत्यक्षातली लहान अँटेना यापेक्षाही उथळ तापवते. म्हणून त्वचेवरून तापवायचे असेल तर २,४५०चा मोह टाळावा. गाठीत सुई घालायची असेल तर मात्र हीच वारंवारता सोयीची, कारण यकृतात तिची तरंगलांबी जेमतेम १.९ सेंटिमीटर असते आणि अँटेना बोटाच्या एका पेरात मावते. कायद्याची बाजूही पाहावी. २,४५० मेगाहर्ट्झ औद्योगिक-वैद्यकीय वापरासाठी जगभर राखीव आहे. ९१५ ही अमेरिका खंडाची सोय. भारतात आणि सिंगापुरात ती ९०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल पट्ट्याच्या अगदी काठावर बसते. ४३४ युरोपकडची. अमेरिकी शोधनिबंध वाचून पाया लेबारच्या दहाव्या मजल्यावर ९१५ला पन्नास वॅट चालू केले, तर टॉवरवाले विचारायला येतील. अशा चाचण्या धातूने बंद केलेल्या खोलीतच घ्याव्यात.

त्वचेवरच्या अँटेनासाठी पॅच हा सुरुवातीला बरा पर्याय. आयआयटी मद्रासमध्ये कविता अरुणाचलम यांच्या गटाने ४३४ मेगाहर्ट्झच्या पॅचवर बरेच काम केले आहे आणि ते निबंध कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडतात. पॅच आणि त्वचा यांच्यामध्ये पाण्याची पातळ पिशवी असते, तिला ‘बोलस’ म्हणतात. ती दोन कामे करते: लहरींना हवेऐवजी पाण्यातून शरीरात शिरायला वाट देते आणि त्वचा गार ठेवते. पाणी आयनविरहित हवे. जाडी एक-दोन सेंटिमीटरपेक्षा वाढली तर पिशवीतच तरंग उभे राहतात आणि तापण्याचा नकाशा विस्कटतो. पिशवीत बुडबुडे राहिले तर त्यांच्याखाली चटका बसतो, म्हणून पाणी भरताना आधी ते उकळून किंवा निर्वातात ठेवून त्यातली हवा काढावी. विद्युतक्षेत्र त्वचेला समांतर राहील अशी रचना करावी. पॅचच्या कडांपाशी ते काटकोनात उभे राहते, तेव्हा कडा गाठीवर येऊ देऊ नयेत.

सुईची गोष्ट अधिक खट्याळ आहे. मूळ रचना सोपी: बारीक कोॲक्सियल केबल घ्यायची, टोकाकडचे बाहेरचे कवच सोलून आतली तार उघडी करायची, वर टेफ्लॉनची नळी चढवायची. पहिल्याच प्रयोगात कळते की जळलेला भाग गोल न येता मागे शेपूट फुटलेला येतो, कारण केबलच्या कवचाच्या बाहेरून प्रवाह उलटा वाहत त्वचेकडे येतो. रुग्णाच्या त्वचेला, यकृताच्या पृष्ठभागाला यानेच इजा होते. उपाय म्हणजे कवचावर पाव तरंगलांबीची नळी बसवणे, जिला ‘चोक’ म्हणतात, किंवा विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या गटाने २००६मध्ये मांडलेली, कुठेही न जोडलेली ‘तरंगती’ बाही. चोकची लांबी काढताना यकृतातली तरंगलांबी घेणे ही नेहमीची चूक. चोकच्या आत टेफ्लॉन असते, त्याचा परावैद्युत स्थिरांक २.१, तिथे २,४५० मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी २.१ सेंटिमीटर येते, अर्धा सेंटिमीटर नव्हे. टोकाच्या उघड्या तारेचेही तसेच: टेफ्लॉनच्या नळीत ती यकृताची तरंगलांबी पूर्ण मानत नाही, हवेचीही नाही. लांबी संगणकावर कमीजास्त करून पाहूनच ठरवावी.

आणखी एक चकवा केबलचा. केबलमध्ये एक डीबी शक्ती गेली म्हणजे २० टक्के गेली. सुईला ८० वॅट पोचवायचे तर १०० सोडावे लागतात आणि उरलेले २० वॅट सुईचा दांडा तापवतात. दांड्यातून पाणी किंवा वायू फिरवून तो गार ठेवल्याशिवाय मोठा ॲब्लेशन होत नाही, तो यामुळेच. गंमत अशी, की अशा गळक्या केबलने व्हीएनए या मोजणी-यंत्रावरचा रिटर्न लॉस, म्हणजे अँटेनाकडून परत येणाऱ्या शक्तीचा आकडा, सुधारलेला दिसतो! परत येणारी लहर तोट्याच्या केबलमधून दोनदा जाते, एक डीबीची केबल आकड्यात दोन डीबींची भर घालते, आणि नवा अभियंता उणे वीसचा आलेख बघून खूश होतो. उणे दहा म्हणजे दहा टक्के परत, उणे वीस म्हणजे एक टक्का; या दोघांतला फरक गाठीला फारसा कळत नाही. ती किती तापली, हे विचारावे.

आणि तो आलेखही थंड ऊतीचा असतो. ताज्या यकृताचा परावैद्युत स्थिरांक २,४५० मेगाहर्ट्झला ४३च्या घरात असतो. शंभर अंशांजवळ पाणी वाफ होऊन निघून गेले की तो कोसळून दहाच्या आसपास किंवा खाली येतो. अँटेनाच्या भोवतीचे माध्यमच बदलते, तरंगलांबी ताणली जाते, जुळणी ढळते. म्हणून तळाला टोकदार खड्डा असलेल्या आलेखापेक्षा पसरट खड्डा देणारी रचना निवडावी, भले तो खड्डा उथळ असो. संगणकावर आधी ताज्या यकृताचे आकडे आणि मग सुकलेल्या यकृताचे आकडे घालून दोनदा चालवून पाहणे, एवढे केले तरी निम्मे अपयश आधीच पकडता येते. ऊतींचे आकडे कमेलिया गॅब्रिएल यांच्या १९९६च्या मोजण्यांतून आले आहेत आणि झुरिचच्या इटिस फाउंडेशनच्या संग्रहात कुणालाही पाहता येतात. उष्णतेसाठी हॅरी पेन्स यांचे १९४८चे समीकरण अजूनही चालते. रक्तप्रवाह किती उष्णता वाहून नेतो, हे त्यातले पद अतिशय महत्त्वाचे, कारण तापलेल्या स्नायूत रक्तप्रवाह वाढतो आणि तीन मिलिमीटरहून जाड रक्तवाहिनी शेजारी असेल तर ती गाठीची एक बाजू थंडच ठेवते.

आता प्रत्यक्ष प्रयोग. हायपरथर्मियासाठी कृत्रिम स्नायू घरच्या वस्तूंत होतो: पाणी, साखर, मीठ आणि अगर, ज्याला आपण चायना ग्रास म्हणतो. सिंगापुरात त्याची पूड कोणत्याही वाणसामानाच्या दुकानात जेलीसाठी मिळते. साखरेने परावैद्युत स्थिरांक खाली येतो, मिठाने वाहकता चढते. डायइलेक्ट्रिक प्रोबने मोजत मोजत स्नायूच्या आकड्यांपर्यंत यावे. ठोकळा मधोमध कापता येईल असा बनवावा. जोरदार शक्तीने मिनिटभर तापवून दोन अर्धे पटकन वेगळे करावेत आणि कापलेल्या पृष्ठभागावर उष्मा-कॅमेरा रोखावा. ही युक्ती आर्थर गाय यांनी १९७१मध्ये मांडली आणि अजून तिच्यासारखी स्वस्त तपासणी नाही. ॲब्लेशनला मात्र अगर कामाचे नाही, ते ८५ अंशांच्या पुढे वितळते.

ॲब्लेशनसाठी कलेजीच हवी. पाया लेबार स्थानकापासून गेलांग सराईचा बाजार चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तळमजल्यावर मटणाचे गाळे. बोकडाची कलेजी महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळांना सहज मिळते खरी, पण तिची पाळी पातळ असते आणि चार सेंटिमीटरचा जळका भाग तिच्यात मावत नाही. त्यामुळे जगभरच्या निबंधांत गाय-बैलाची किंवा डुकराची कलेजी दिसते. म्हशीचीही चालते. आदल्या रात्री आणून फ्रिजमध्ये ठेवलेली कलेजी तशीच वापरू नये, आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि सुई घालण्यापूर्वीचे तापमान लिहून ठेवावे. सुई जिथे जाते तिथे मोठी रक्तवाहिनी नाही, हे कापलेल्या कडेवरून पाहावे. शक्ती बंद झाल्यावर सुई काढण्याआधी तिची वाट आणि खोली खुणेने नोंदवावी, मग धारदार लांब सुरीने त्याच वाटेवर एका झटक्यात काप घ्यावा. मध्ये काळपट कोळसा, त्याभोवती फिकट राखाडी गाभा, बाहेर गुलाबीसर कडा आणि मग तांबूस कच्ची कलेजी, असे पट्टे दिसतात. मोजायची ती फिकट भागाची लांबी आणि रुंदी. जळताना ऊती पाणी टाकून आक्रसते, म्हणजे मोजलेला आकार खऱ्यापेक्षा लहान. आणि मेलेल्या कलेजीत रक्त वाहत नसते, म्हणजे तोच आकार जिवंत माणसात मिळेल त्यापेक्षा मोठा. दोन चुका परस्परविरुद्ध दिशेच्या आहेत म्हणून त्या एकमेकींना पुसतात, असे समजून चालू नये.

तापमान मोजायला धातूचे थर्मोकपल मायक्रोवेव्हच्या क्षेत्रात ठेवले तर तेच अँटेना बनते आणि खोटे आकडे देते. प्रकाशतंतूचे प्रोब महाग पडतात, पण ते घ्यावेत. नसतील तर शक्ती बंद करून लगेच वाचावे. घरच्या मायक्रोवेव्ह ओव्हनचा मॅग्नेट्रॉन काढून ‘स्वस्तात’ जमवण्याच्या फंदात कुणीही पडू नये. ओव्हनच्या गळतीची मर्यादा पाच सेंटिमीटरवर पाच मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर असते. उघडा मॅग्नेट्रॉन तिच्या कित्येक पट फेकतो आणि डोळ्याच्या भिंगाला उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्तप्रवाहच नसतो. स्वतःच्या हातावर ‘फक्त बघू’ म्हणून पॅच ठेवणे हेही त्याच यादीत.

माणसावर जाण्याआधीचा कागदी रस्ता लांब आहे आणि तो आधीच माहीत असलेला बरा. सिंगापुरात हेल्थ सायन्सेस ऑथॉरिटी, भारतात केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणा आणि २०१७चे वैद्यकीय उपकरण नियम. दोन्हीकडे अ ते ड अशा जोखमीच्या श्रेणी आहेत, आणि शरीराला धोकादायक ठरू शकेल इतकी ऊर्जा देणारे साधन साधारण तिसऱ्या श्रेणीत जाते. विद्युत सुरक्षेची आयईसी ६०६०१ मालिका सुरुवातीलाच वाचावी, मायक्रोवेव्ह उपचार यंत्रांसाठी तिचा स्वतंत्र भाग २-६ आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला पवईच्या आयआयटीच्या आवारातली ‘समीर’ ही सरकारी संस्था जवळची. मायक्रोवेव्हवर काम करणाऱ्या या संस्थेने कर्करोगाच्या रेडिएशनचे देशी लिनॅक बनवले आहे, आणि विद्युतचुंबकीय चाचण्यांची सोयही तिच्याकडे आहे.

सर्वांत उशिरा केली जाते ती डॉक्टरांची भेट, आणि ती सर्वांत आधी करायला हवी. गाठ सुईने जाळण्याच्या पद्धती परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात वापरात आहेत, तशाच सिंगापुरातही. पाया लेबारहून हिरव्या मार्गिकेवर आठव्या थांब्याला ओट्रम पार्क; सिंगापूर जनरल हॉस्पिटल आणि राष्ट्रीय कर्करोग केंद्र तिथेच आहे. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टसमोर व्हीएनएचे आलेख नेऊ नयेत. सुई किती गेजची हवी, हे विचारावे. ते सतरा म्हणाले तर बाहेरचा व्यास दीड मिलिमीटरच्या आत आला, आणि ०.०८५ इंची केबल, जी २.२ मिलिमीटरची असते, चौदा गेजच्या सुईतही बसत नाही. ०.०४७ इंची घ्यावी तर तिचा तोटा जास्त आणि गार पाणी फिरवायला जागा नाही. सीटी स्कॅनरच्या कड्यात सुईच्या मागे किती जागा उरते, एथिलीन ऑक्साइडच्या निर्जंतुकीकरणात कोणता गोंद टिकतो, सुई सोनोग्राफीत दिसते का, हे प्रश्न त्याच बैठकीत निघतात. बहुतेक डॉक्टर आणखी एक तक्रार सांगतात: जाड केबलच्या वजनाने रुग्णाच्या श्वासाबरोबर सुई वाकते आणि टोक जागचे हलते. मग केबलचा पहिला अर्धा मीटर बारीक, हलका, लवचीक करावा लागतो, त्याने तोटा वाढतो, आणि जनरेटरपासून टोकापर्यंतचा वॅटचा हिशेब पहिल्यापासून मांडावा लागतो.